भट्टीवाली बार्था

कोराडी रोड, नागपूर
रविवार

प्रिय ऋतुजा,

तारीख परत पुढे गेली. तुला हे माझ्याआधी कळलं असणार, कारण तू आता पडद्यामागच्या माणसांतली आहेस. मला मात्र दुकानात कळलं. एका आजोबांच्या नाकावर चष्म्याची फ्रेम बसवत होते, शेजारी ठेवलेला फोन उजळला, आणि मी इतक्या जोरात 'अरे देवा' म्हटलं की आजोबा घाबरून म्हणाले, "काय झालं वं पोरी, नंबर लय वाढला का?" त्यांना काय सांगू? की आजोबा, तुमचे डोळे ठणठणीत आहेत, पण 'सॉल्ट हार्बर' पिक्चरचा तिसरा भाग या दिवाळीला येणार होता, तो आता पुढच्या उन्हाळ्यात येणार आहे, आणि तोही 'बहुधा'?

या 'बहुधा'चा मला वीट आला आहे. आधी जाहीर करतात की अमुक दिवशी टीझर येईल. मग त्या जाहीर करण्याचं पोस्टर येतं. मग टीझर येतो, मिनिटभराचासुद्धा नसतो, आणि शेवटी लिहिलेलं असतं, ट्रेलर लवकरच. मी चौतीस वर्षांची बाई आहे. दिवसभर सीताबर्डीच्या दुकानात उभी असते, संध्याकाळी बसच्या दांड्याला लोंबकळत घरी येते, आणि त्या अवस्थेत फोनवर एक पांढरं मिठाचं वाळवंट, एका जहाजाची सावली आणि एक बंद लोखंडी दार बघून माझा उतरायचा थांबा हुकतो. कारण त्या दारावर एक हात आहे. काळा, कोपरापर्यंत काजळलेला. इंटरनेटवर सगळे वाद घालतायत की तो हात कोणाचा. मी वाद घालत नाही. तो बार्थाचा आहे. तुला तर माहीतच आहे, आणि मला कसं माहीत, तेही तुला माहीत आहे.

तू माझा फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. म्हणून हे पत्र, कुरिअरनं पाठवते आहे. अर्धं वाचून बाजूला ठेवलंस तरी ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहील. कागदावर लिहायला बसलं की माझ्या हातून शाळेतली मराठी उतरते, त्याला इलाज नाही. पहिल्या पानापासून तुझ्याशी भांडायचं नाही असं ठरवलं आहे. आधी थोडा वेळ सिनेमांवर चिडू दे. तेवढं तरी आपण दोघी आयुष्यभर बरोबरीनं केलं आहे.

या वर्षी काय काय येऊ घातलंय ते बघितलंस ना? ते 'वज्रद्वीप' बघ. तीन मिनिटांचा ट्रेलर, त्यात नायक पाच वेळा मागे आगीचा लोळ घेऊन हळूहळू चालत येतो. राणी आहे म्हणे मोठी योद्धी. तिच्या वाट्याला एक वाक्य, 'ते येतील'. बाई, तुझ्या हातात तलवार आहे, तू जा की! आणि धूळ किती ती! वीजकेंद्राच्या राखेचे ट्रक गेल्यावर कोराडीत उडत नाही एवढी धूळ त्या बेटावर उडते, आणि बेट समुद्रात आहे. आईनं तो ट्रेलर माझ्या खांद्यावरून बघितला आणि विचारलं, "याले अंगणात पानी शिंपाले कोनी नाही का वं?" संपलं परीक्षण.

त्याहून जास्त जीव जाळला तो मराठीनं. आपल्या भाषेत पहिल्यांदा खराखुरा अंतराळपट येतोय म्हणून मी पोस्टर आलं त्या दिवशी दुकानात पेढे वाटले होते, मालकांना वाटलं माझं लग्न ठरलं. आणि टीझरमध्ये काय? यानात चार जण. कमांडर पुण्याचा, शास्त्रज्ञ मुंबईची, एक देखणा वैमानिक कोल्हापूरचा. आणि चौथा आपल्याकडचा. तो काय करतो? यान सुटतं तेव्हा ओकतो. पुसून म्हणतो, "मले आधीच सांगाचं ना बे." सगळे हसतात. गुरुत्वाकर्षण सुटलं, पृथ्वीचा निळा गोळा मागे राहिला, पण आपल्याकडचा माणूस तिथंही फक्त ओकायलाच गेला. मी त्या रात्री जेवले नाही. भाऊ असून चंदन म्हणाला, ताई, पिक्चर आहे, सोडून दे. सोडून कसं देऊ? मला तर पिक्चरशिवाय दुसरं काही धरताच आलं नाही.

आठवतं ना तुला, आपण पहिला भाग कुठं बघितला? कॉलनीतल्या तुमच्या क्वार्टरमध्ये, तुझ्या बाबांच्या कॉम्प्युटरवर. तू शहरातल्या इंग्रजी शाळेत जायचीस, मी कॉलनीच्या मराठी शाळेत. पिक्चरला खाली अक्षरं नव्हती. पहिली दहा मिनिटं मी नुसती माणसांची तोंडं बघत होते. मग तू पिक्चर थांबवलास, मागे नेलास, आणि एकेक वाक्य मला सांगायला लागलीस. पुस्तकी मराठीत नाही. आपल्या. "हे कॅप्टन मनून राहिली का, समुद्र सुकला तं सुकला, जहाज थांबणार नाही." मग ती भट्टीवाली आली, रुंद खांद्यांची, केस फडक्यात बांधलेली. कॅप्टन तिच्यावर ओरडते, आणि ती मान वर न करता काहीतरी बोलते. तू म्हणालीस, "भट्टीवाली मनते, जहाज तुमचं असंल, आग मायी हाय."

माझे बाबा तेव्हा ठेकेदाराकडे बॉयलर विभागात होते. उमरेडचा आजोबांचा माग बंद पडल्यावर इकडे आले, आणि ज्या हातांनी बारीक जरीचा काठ विणला त्याच हातांनी कोळशात काम करायला लागले. घरी येऊन ते काही बोलायचे नाहीत. मोरीत बसून कोपरापर्यंत साबण लावायचे, तरी नखं काळीच. मला वाटायचं, असल्या माणसांच्या गोष्टी नसतात. आणि मग दुसऱ्याच एका ग्रहावर, सुकलेल्या समुद्रावर, ती बार्था भट्टीसमोर बसून हात पुसताना दिसली. तुझ्या तोंडून आमच्या घरातल्यासारखी बोलली. त्या दिवसापासून मी जी वेडी झाले ती अजून आहे. माझ्या वेडाला सुरुवात त्या पिक्चरनं केली असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर ती तुझ्या आवाजानं केली होती.

पुढे तू मुंबईला गेलीस, डबिंगचे संवाद लिहायला लागलीस, आणि मला पिक्चर समजावून सांगणारं कोणी उरलं नाही. तोवर माझं मला इंग्रजी कळायला लागलं होतं, मग मी आईला समजावायला लागले. तुला माहीत आहे ती कशी बघते. पहिला प्रश्न, "हा काहून मेला?" दुसरा, "मंग आता याच्या मायले कोन सांगन?" माझ्या डोक्यात कधी आलं नसतं, की अवकाशयुद्धात मेलेल्या शिपायाच्या आईला कोण सांगणार! आम्ही दोघी स्वयंपाकघरात ट्रेलर बघत असताना चंदननं गुपचूप शूट केलं आणि 'हा काहून मेला?' असं नाव देऊन इंटरनेटवर टाकलं. बाकी तुला ठाऊक आहे. महिनाभरात लाखो लोकांनी बघितलं, बसमध्ये मुलं ओळखायला लागली, आणि आम्ही असे व्हिडिओ करतच गेलो.

फक्त एक गोष्ट मी तुला तेव्हा सांगितली नव्हती. ते हसतात, ऋतुजा. मी काहीही बोलले तरी हसतात. एकदा मी दोन सूर्यांच्या ग्रहाबद्दल बोलत होते, जिथं सावलीलासुद्धा एकटं राहता येत नाही, आणि बोलता बोलता मला रडूच आलं. खाली प्रतिक्रिया बघितल्या. 'हसून हसून पोट दुखलं.' 'ताई रडली तेव्हा तर मेलोच.' आई पुढे झाली आणि एकेकाला उत्तर द्यायला निघाली होती, "यात हासाचं काय हाय रे?" मी तिला थांबवलं. मी स्वतःला समजावलं, आवाजाची सवय नाही लोकांना, होईल. तीन वर्षं झाली, नाही झाली.

आणि मग गेल्या हिवाळ्यात तुझा फोन आला. 'सॉल्ट हार्बर'चा तिसरा भाग मराठीतही येणार, संवाद तू लिहिणार, आणि एका भूमिकेसाठी तुला माझा आवाज हवा. कोणती, म्हणून विचारलं तर तू म्हणालीस, "तुझी बार्था." मी दुकानाच्या मागच्या गल्लीत जाऊन उभी राहिले आणि भिंतीला हात लावून रडले. जाण्याच्या आदल्या दिवशी मी तुझ्या आईकडे गेले. कौसल्याकाकूंनी कुहीच्या शेतातल्या तांदळाची पिशवी बांधून ठेवली होती. सुगंध उडू नये म्हणून वर फडकंसुद्धा नवं बांधलं होतं. म्हणाल्या, "ऋतूले सांगजो, नवा हाय. अन् फोनवर मोठ्यानं बोलत जाय म्हना. मायासंग बोलते तं कुठी जिन्यात जाऊन बोलते, कुजबुज कुजबुज. हापिसात आवाज चालत नाही म्हणे." मी म्हटलं, काकू, तिथं रेकॉर्डिंग चालू असतं ना. मला खरंच तसं वाटलं होतं.

तुझ्या स्टुडिओतल्या त्या दिवसाचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. तू तिथं होतीस, तरी सांगते, कारण तू वर बघतच नव्हतीस. दत्तोपंत सर चांगले वाटले मला. एवढे मोठे डबिंग दिग्दर्शक, पण स्वतः चहा घेऊन आले. म्हणाले, "या, या, नागपूरकर! तुमचे व्हिडिओ लागले की आमच्या घरात सगळे लोळतात." मी हसले. मग ते तुझ्याकडे हात करून म्हणाले, "आणि या आमच्या ऋतुजाताई. पक्क्या पुण्याच्या, पण तुमची बोली काय उचललीय त्यांनी! तुमचे व्हिडिओ ऐकून ऐकून शिकल्या म्हणे." मी तुझ्याकडे बघितलं. तू हातातले कागद सारखे करत होतीस, जे आधीच सारखे होते. माझ्या हातात काकूंची पिशवी होती. सरांनी विचारलं, हे काय, आणि तू पटकन म्हणालीस, "अगं सोनिका, कशाला आणलंस एवढं ओझं?" जणू तो तांदूळ माझ्याच शेतातला होता. मी म्हटलं, "असू दे, घ्या." तुला 'घ्या' म्हटलं मी, ऋतुजा. ज्या मुलीबरोबर एका ताटात जेवले तिला. आणि सरांना म्हटलं, "हो ना, छान जमलीय त्यांना बोली."

तरीही मी माइकसमोर उभी राहिले, बार्थासाठी. तू लिहिलेली पानं वाचायला घेतली. मला वाटलं कागद बदलले गेले. मूळ चित्रपटात बार्था तीन भागांत मिळून पन्नास वाक्यं बोलत नाही, आणि इथं ती थांबतच नव्हती. "अबे", "बाप्पा", "काहून बे". भट्टीत कोळसा टाकताना सावजी रश्श्याचा विनोद. मिठाच्या ग्रहावर सावजी रस्सा कुठून आला? तुला वाटलं असेल, मला आवडेल, आमच्याच विणकर लोकांचा रस्सा आहे. मी एकेक वाक्य वाचत गेले आणि काचेपलीकडे हशा होत गेला. मग ते दार आलं. ती आतून कडी लावते, बाहेर कॅप्टन दार बडवते, भट्टी फुटणार आहे. मूळ पिक्चरमध्ये तिथं फार थोडे शब्द आहेत, बाकी नुसता श्वास. तू लिहिलं होतंस, "आता मी चालली वं माय, माझ्या वाटचा रस्सा झाकून ठेवजा."

मी ते वाचलं. हशा झाला. मग मी कानावरचा हेडफोन नीट केला आणि म्हटलं, सर, एकदा मला माझ्या मनानं घेऊ द्या. कागद खाली ठेवला. पडद्यावर तिचे ओठ बघितले, आणि ते जेवढे हलले तेवढंच बोलले. "दार उघडू नको. मी आहो ना इथं. तू जाय." काचेपलीकडे कोणी हसलं नाही. फार तर दोन क्षण. मग तो बटणांपाशी बसलेला मुलगा खुदकन हसला आणि सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "छान आहे हो, पण जरा हलकं करू या. त्या वेळेपर्यंत प्रेक्षक दमलेला असतो." मी तुझ्याकडे बघत होते. वाटलं, आता तू बोलशील. तू बटण दाबलंस, आणि माझ्या कानात तुझा आवाज आला, एकदम स्वच्छ, परीटघडीचा. "सोनिका, लिहिलंय तेच वाच, प्लीज."

मी लिहिलेलं वाचलं. नंतर जिन्यात तू मला गाठलंस. म्हणालीस, मी भांडून तुझ्यासाठी ही भूमिका आणली. म्हणालीस, व्यवहार बघ, त्या भाषेत मरण कोण ऐकून घेणार, लोक हसणारच, मग आपण ठरवून हसवलेलं काय वाईट? तेव्हा मी विचारलं, "तुझे बाबा गेले तवा काकू कोन्या भाषेत रडल्या वं? कोन हासलं होतं?" तुझा चेहरा उतरला आणि तू वर निघून गेलीस. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस. मी ते वाक्य मागे घेत नाही. परतीच्या गाडीत रात्रभर मी तेच तपासत आले, फार कठोर बोलले का म्हणून. नाही बोलले. तुझे बाबा गेले त्या दिवशी मी काकूंच्या मांडीला मांडी लावून बसले होते, तूही होतीस.

घरी आल्यावर आईनं विचारलं, कशी झाली तुयी बार्था? मी म्हटलं, झाली. त्यानंतर मी एकही नवा व्हिडिओ केला नाही. चंदन रागावला, लोक विचारायला लागले, ताई मेली का, आणि त्यावरही हसले. ट्रेलर येत राहिले, मी एकटी कानात हेडफोन घालून बघत राहिले, आणि मनातल्या मनात सगळ्यांशी भांडत राहिले. वज्रद्वीपशी, त्या ओकणाऱ्या माणसाशी, तारखा बदलणाऱ्यांशी. खरं सांगू का, त्यातले निम्मे शब्द तुझ्यासाठी होते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल दुपारी दत्तोपंत सरांचा फोन आला. ज्यांचा पिक्चर आहे त्या परदेशातल्या माणसांनी सगळ्या भाषांमधला तो दाराचा प्रसंग मागवून ऐकला. त्यांना मराठीचं एक अक्षर येत नाही, तरी त्यांनी विचारलं, बाकी सगळ्या भाषांत ही बाई मरते आहे, तुमच्या भाषेत ती मजा का करते आहे? मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते कळेना. आपल्या माणसांना जे तीन वर्षांत ऐकू आलं नाही, ते त्यांना सात समुद्रांपलीकडून ऐकू आलं. सरांनी माझं ते दुसऱ्या वेळचं, माझ्या मनानं बोललेलं रेकॉर्डिंग पाठवून दिलं, बटणांपाशी बसणाऱ्या त्या मुलाकडून ते पुसायचं राहून गेलं होतं. तिकडून उत्तर आलं, हेच हवं, आणि सगळी बार्था अशीच हवी. म्हणून तिचे सगळे संवाद नव्यानं, त्याच बोलीत, सरळ लिहायचे आहेत. तारीख पुढे गेल्यामुळे वेळही मिळाला आहे. आणि मग सर म्हणाले, "ऋतुजाताईंकडून हे काढून घ्यावं लागणार हो. त्या पडल्या पुण्याच्या. ऐकीव बोलीत विनोद लिहिता येतो, हे लिहायला घरची बोली लागते. तुमच्या ओळखीत नागपूरकडचं लिहिणारं कोणी आहे का?"

मी म्हटलं, एक आहे. नाव विचारलं तेव्हा म्हटलं, तिला विचारून सांगते. गुरुवारी ते पुन्हा फोन करणार आहेत, आणि त्याआधी हे पत्र तुझ्या हातात असेल. मी तुझं नाव सांगणार नाही, ऋतुजा, ते तुझं तू सांगायचं आहेस. सरांच्या समोर उभं राहून सांग, मी कोराडीची, माझी आई कुहीची. पण त्यांनी मला विचारलं, की त्या खरंच पुण्याच्या आहेत का, तर या वेळी मी तुझ्यासाठी खोटं बोलणार नाही. एकदा बोलले, ते अजून माझ्या घशात अडकलेलं आहे. तुझ्यावरचा माझा राग गेला आहे असं समजू नकोस, तो आहे आणि राहील काही दिवस. पण बार्थाचे शब्द दुसऱ्या कोणी लिहिलेले मला वाचायचे नाहीत. पुढच्या महिन्यात मी रेकॉर्डिंगला येते आहे. काचेच्या या बाजूनं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मी तुला विचारणार आहे, "ऋतू, हे बराबर बोलून राहिली का मी?" उत्तर कोणत्या भाषेत द्यायचं ते तोवर ठरवून ठेव.

चिडलेली, तरीही तुझीच,
सोनिका